उतरवा मला

अंबेकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे. मग विचारायचे, "या घरात डोकं कुणाला लागतं?"

लोकांना वाटायचं, सर वास्तू बघतात. खरं तर ते उंच पोरं हुडकत असायचे. जालन्यात एका कॉलेजात त्यांनी जन्मभर पोरापोरींना बास्केटबॉल शिकवला. बसस्टँडवर गर्दीत एखादं डोकं सगळ्यांच्या वर दिसलं की सर त्याच्या मागं चालायला लागायचे. एकदा अशाच एकाच्या मागं एस.टी.त चढले आणि पार अंबडला जाऊन उतरले. उतरल्यावर तो मागं वळून म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या मागं मागं काऊन येऊन राह्यले?" सर म्हणाले, "तू कितवीला आहेस?" तो म्हणाला, "मला दोन लेकरं हायेत." हे सर स्वतःच सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

सर गेल्यावर कॉलेजात सभा झाली. मी मागं बसले होते. सगळे कपांबद्दल बोलले, सरांनी कोणत्या साली काय जिंकलं ते बोलले. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मला जमलं नसतं. म्हणून इथं लिहून ठेवते.

आमच्या घरात डोकं दोघींना लागायचं. मला आणि माझ्या शीतलला. धावड्याला माहेरी मला सगळे तुराटी म्हणायचे, म्हणजे तुरीची वाळकी काठी. शाळेत मास्तरांनी शेवटच्या ओळीत बसवलं, तरी मी सगळ्यांच्या वर दिसायची. पोरी हसायच्या. चौथीनंतर मी शाळेत गेलेच नाही. लग्नात मी मालकांपेक्षा उंच दिसू नये म्हणून मामीनं मला साडीच्या आत गुडघे वाकवून उभं राहायला सांगितलं होतं. तेव्हापासून मी वाकूनच चालते. पुढं मालकांना बियाण्याच्या गोदामात काम लागलं आणि आम्ही जालन्यात मस्तगडला दोन खोल्या घेऊन राहिलो. शीतल वाढायला लागली तशी मी तिलाही सांगायची, "बाई, जरा वाकून चाल."

सरांनी तिला गिरणीत पाहिलं. फळीवर सगळ्यात वर आमचा पिठाचा डबा होता. गिरणीवाला स्टूल शोधत होता. शीतलनं हात लांबवला आणि डबा खाली घेतला. सरांनी गिरणीवाल्याला पत्ता विचारला आणि रविवारी आमच्या दारात हजर. बरोबर कॉलेजच्या ऑफिसातला एक क्लार्क होता. मालकांनी दार उघडलं. सर चौकटीकडं बघून म्हणाले, "पोरगी बघायला आलो."

झालं. शीतल बारावीची परीक्षा देऊन बसली होती. मालकांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी पोहे टाकले. शेजारच्या रुक्माबाईंनी शीतलला धरून माझी साडी नेसवली. ती रडकुंडीला आली होती. "मला पोलिसात जायचंय, मला लगीन न्हाई करायचं," म्हणत होती. रुक्माबाई म्हणाल्या, "गप. बघून तर जाऊ दे. बघितल्यानं काय झिजती का?"

शीतल मान खाली घालून पोहे घेऊन आली. सर म्हणाले, "मान वर कर बेटा. पाठ सरळ."

रुक्माबाई माझ्या कानात म्हणाल्या, "सुधारलेली मानसं दिसतेत."

सर म्हणाले, "हात दाखव." त्यांनी तिच्या पंजाला स्वतःचा पंजा लावून बघितला. तिची बोटं त्यांच्याइतकीच भरली. मालक म्हणाले, "पत्रिका बघायची असंल तर काढून ठेवली हाय."

"पत्रिका कशाला? बेटा, त्या तुळईला हात लागतो का बघ बरं. उडी मार."

शीतलला काय वाटलं कोण जाणे, तिनं निऱ्या उचलल्या आणि उडी मारली. हात तुळईला थाडकन बसला आणि वरची सगळी धूळ पोह्यात पडली. सर उभेच राहिले. "मिळाली! बिलकुल हीच पाहिजे."

मालक हात जोडून म्हणाले, "बराबर हाय. पर मुलगा काय करतो?"

"कोणता मुलगा?"

क्लार्कला ठसका लागला. मी आत पळाले. सरांना सगळं समजलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दोन्ही हात जोडले. जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, ही चीज तुमच्याकडून आलीय. तुम्हाला कुणी खेळवलं नाही का?" मी पदर तोंडाला लावून दाराआड झाले. माझ्या उंचीला चीज म्हणणारं माणूस मला तोपर्यंत भेटलं नव्हतं.

मालक लई संतापले होते. पण सर दर रविवारी यायचेच. "आता पोरगी नाही, बापाला बघायला आलो," असं म्हणून ओट्यावर बसायचे. एका रविवारी मालकांना हसू आलं, आणि तिथंच मालक हरले. मालक म्हणाले, "अर्धी चड्डी घालून माझी पोरगी खेळणार न्हाई."

"पोतं घालून खेळू द्या. पळता आलं म्हणजे झालं. आन पोलीस भरतीत खेळाडूला वेगळी जागा असते. पोरीला खाकी घालायचीय ना?"

त्या एका गोष्टीवर मालक तयार झाले. शीतल कॉलेजात गेली आणि सरांच्या हाताखाली खेळायला लागली.

सरांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती कधी वाजली नाही, असं शीतल सांगायची. "शिट्टी गुरांना. पोरांना नाव असतं," म्हणायचे. मॅचच्या आदल्या दिवशी मैदानावरच्या रेषा स्वतः मारायचे. मग हाताला चुना तसाच, कपड्यांना चुना, कानालाही चुना. खिशात फुटाणे. खेळ संपला की प्रत्येकाच्या ओंजळीत मूठभर द्यायचे, आणि जो सगळ्यात वाईट खेळला त्याला आधी.

त्यांची एक रीत मात्र पोरींना फार जड जायची. धक्का दिला, चूक झाली, की ज्यानं केली त्यानं हात वर करायचा. पंचानं बघितलं असो की नसो. आमच्या पोरींना चारचौघांत हात वर करायची लाज. एखादी खाली बघत उभी राहायची. सर खेळ थांबवून ठेवायचे. "हात वर करायचा आन पुढं खेळायचं. हात वर करून तिथंच उभी राहिली तर खेळणार कोण? मी?" शीतल घरी येऊन हे सगळं करून दाखवायची. तिच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला तरी हात वर करायची, आणि मालक हसायचे.

जुने खेळाडू मैदानावर आले की परतूरच्या एका पोराची गोष्ट सांगायचे. गणेश त्याचं नाव. फार मोठी मॅच होती आणि गणेशचा घोटा सुजलेला. सरांनी त्याला बसवलं. तो पाया पडला, रडला, तरी खेळू दिलं नाही. मॅच हरले. लोकांनी सरांना वाटेल ते बोलून घेतलं. कुणीतरी त्यांच्या स्कूटरची हवा सोडली. सर स्कूटर ढकलत घरी गेले. वाटेत गणेश भेटला, तर त्याला म्हणाले, "कप कॉलेजात राहतो. पाय पोराबरोबर घरी जातो." आता तो गणेश कुठंतरी शिक्षक आहे. हे वाक्य त्याच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा विद्यापीठाचे मुलींचे सामने जालन्यातच झाले. इतक्या वर्षांत सरांच्या पोरांनी बरंच जिंकलं, पण पोरींनी ही स्पर्धा कधी जिंकली नव्हती. त्या वर्षी पोरी शेवटच्या मॅचपर्यंत पोचल्या. मी कधी बघायला गेले नव्हते. त्या दिवशी रुक्माबाईंनी मला ओढून नेलं. मी भिंतीला लागून उभी राहिले.

आदल्या दिवशी शीतलचा उजवा गुडघा दुखावला होता. मी रात्री हळद लावली होती. सकाळी सरांनी गुडघ्यावर अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. सर म्हणाले, "बस. आज नाही." शीतल बसली. ते मला बरं वाटलं.

खेळ संपत आला तेव्हा आमच्या पोरी थोड्याशाच मागं होत्या. सगळं मैदान ओरडत होतं. सर रेषेजवळ उभे होते. एकदा त्यांनी बसलेल्या पोरींकडं बघितलं. परत खेळाकडं बघितलं. परत पोरींकडं. शीतल उठून म्हणाली, "सर, येते मी. काही न्हाई दुखत."

मला तिथून सरांचं तोंड बरोबर दिसत होतं. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. भलतीकडं बघून म्हणाले, "जा."

ती गेली. चेंडू तिच्याकडं आला. तिनं उडी मारली आणि चेंडू वरच्या वर जाळीत सोडला. मला खेळ कळत नाही, पण ती उडी मला कळली. मग ती खाली आली आणि उठलीच नाही. तिच्या ओरडण्याचा आवाज मी भिंतीपाशी ऐकला, पण मैदानात कुणी ऐकला नाही, कारण आम्ही जिंकलो होतो.

सगळी पोरं आत धावली. त्यांनी सरांना खांद्यावर उचललं. ढोल वाजायला लागला. सर वर, आणि खाली माझी पोरगी गुडघा धरून पडलेली. सर हात हलवत होते. लोकांना वाटलं, आनंदानं हलवतात. ते ओरडत होते, "उतरवा मला! अरे उतरवा मला!" ढोलात कुणाला ऐकू येईना. त्यांना नाचवत नाचवत मैदानाच्या पार त्या टोकाला नेलं. मी शीतलचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा लांबून सरांचे दोनच डोळे आमच्याकडं लागलेले दिसत होते. कुणाला वर चढलेलं बघून मला इतकी लाज कधी वाटली नाही. ती त्यांची लाज होती, पण माझ्या अंगावर काटा आला.

गुडघ्यातला दोर तुटला, असं डॉक्टर म्हणाले. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सर आले. वॉर्डाच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. तसाच वर धरून ठेवला. बाकीचे पेशंट बघायला लागले. नर्स म्हणाली, "आजोबा, काय पाहिजे?"

शीतल गोळ्यांच्या गुंगीत होती, तरी हसली. म्हणाली, "सर, बघितला हात. आता पुढं खेळायचं असतं न?"

सरांना ते जमलं नाही. ते तिथूनच परत गेले.

ते पुन्हा मैदानावर आलेच नाहीत. नोकरीचे थोडे महिने राहिले होते, तेवढे ते ऑफिसात बसून राहिले. पोरी बोलवायला जायच्या तर म्हणायचे, "माझे डोळे दुखतात." पोरी आपापल्या खेळायच्या, मग खेळणंही कमी झालं.

निरोपाच्या दिवशी कॉलेजनं मोठा सत्कार ठेवला. आम्हालाही बोलावणं होतं. मालकांना कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी रुक्माबाईंबरोबर गेले आणि शेवटच्या ओळीत बसले. एक साहेब बोलले, की सरांनी जाता जाता कळस चढवला. टेबलावर तो कप ठेवला होता. सरांच्या अंगावर शाल घातली. सर माईकसमोर आले आणि म्हणाले, "तो कप तेवढा झाका."

लोक हसले. त्यांना वाटलं, सर थट्टा करतात.

सर पायऱ्या उतरून खाली आले. सगळ्या ओळी ओलांडून ते माझ्याकडंच येतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पदर डोक्यावरून ओढून घेतला. त्यांनी अंगावरची शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या पायाशी वाकायला लागले. एवढा शिकलेला, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले आणि बाजूच्या दारातून थेट रस्त्यावर आले. नंतर रुक्माबाई म्हणाल्या, "बया, तू गेलीस, आन सर त्या रिकाम्या खुर्चीपुढं तसेच वाकलेले व्हते. कुणाला कळंना हसावं का काय करावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. झालेल्या गोष्टीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. पिशवीत वाळूच्या पुरचुंड्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ते शीतलकडून करून घ्यायला लागले. पायाला वाळू बांधायची, पाय उचलायचा, धरून ठेवायचा. रोज. पाऊस असला तरी. आत या म्हटलं तर यायचे नाहीत. चहा ओट्यावर. मालक म्हणाले, "सर, झालं ते झालं. पोरीचं नशीब." सर म्हणाले, "नशीब नाही हो. मीच जा म्हणालो."

शीतल चालायला लागली, मग हळूहळू पळायलाही लागली. पण पळायला ती मैदानावर जायची तेव्हा सर बरोबर जायचे नाहीत. मैदानाच्या भिंतीबाहेर कट्ट्यावर बसायचे. ती बाहेर आली की विचारायचे, "दुखलं का?" तिला पळताना त्यांनी एकदाही बघितलं नाही. शीतल मला म्हणायची, "आई, सर बघतच न्हाईत. माझं पळणं इतकं घाण दिसतं का?"

मग भरती आली. खेळाडूचं सर्टिफिकेट त्याच कपामुळं मिळालं होतं. राहिलं होतं पळणं.

मालक कामावर होते. म्हणून मी गेले, आणि सर आले. घरच्या लोकांना आत सोडत नव्हते. आम्ही जाळीच्या बाहेर उभे राहिलो. पोरींना रांगेत उभं केलं तसे सरांनी जाळीकडं पाठ केली. मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा."

मी त्यांच्याशी कधी धड चार शब्द बोलले नव्हते. आता मला मोठ्यानं बोलावं लागणार होतं, आणि आजूबाजूला सगळे बापे उभे होते.

"सुटल्या," मी म्हणाले.

"मंग?"

"पळायली."

"पाय?"

"पाय बराबर पडायला. उजवा थोडा बाहेर जातो."

"पुढं?"

"मधात हाय. दोन मागं टाकल्या. अजून एक." मला माझाच आवाज ऐकू येत होता. "लांब टाकती पावलं. माझ्यावानी लांब पाय हायेत तिचे."

सरांचे खांदे नुसते हलले.

शेवटच्या फेरीत तिचा पाय चुकला. पडली नाही, पण लंगडायला लागली. मघाशी मागं टाकलेल्या पोरी एक एक करून पुढं गेल्या. सर म्हणाले, "ताई?" मी म्हणाले, "पळायली." परत म्हणाले, "ताई, खरं सांगा." मी म्हणाले, "लंगडायली सर. पर थांबली न्हाई. सगळ्यायच्या मागं राहिली. आली आता. आली शेवटपर्यंत."

तिची भरती तिथंच संपली. ते आम्हा दोघांनाही समजलं.

शीतल फाटकातून बाहेर आली. केसांत धूळ, तोंड लाल. मला वाटलं रडेल. ती सरळ सरांपुढं उभी राहिली. "सर, कशी पळाले?"

सर खोटं बोलत नसत. म्हणाले, "मी नाही बघितलं."

"काऊन?"

"हिंमत नाही झाली बेटा."

"वर्षभर माझ्या पायाला वाळू बांधली, आन पळायच्या टायमाला पाठ? मी कुणाला दाखवायला पळाले मंग? त्या शिपायाला?"

सर खाली बघत राहिले. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "आता बघा." आणि त्या रस्त्यावर, रिक्षांच्या मधून, समोरच्या चहाच्या गाड्याकडं पळत सुटली. पाय दुखत होता हे आईला दिसत होतं. मी "अगं, अगं" करत राहिले. चहावाले बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "काय चोरी झाली का?"

"सर, खाली न्हाई! इकडं बघा!" ती गाड्यापासून ओरडली आणि परत फिरली.

सरांनी मान वर केली. ती येत होती. उजवा पाय बाहेर टाकत, वाकडी, सगळी अंगानं एका बाजूला कलंडत. खरंच चांगलं दिसत नव्हतं. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पण ते बघत होते. एकटक त्या पायाकडं बघत होते. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. तसा आवाज मी कॉलेजच्या मैदानावरही ऐकला नव्हता.

"टाच नाही! टाच नाही टेकायची, चवडा! चवड्यावर ये!"

ती आमच्यासमोरून तशीच पुढं पळत गेली. सर तिच्या मागं निघाले. आधी चालत, मग भराभर, मग पायातल्या चपला रस्त्यात सोडून. "चवडा, चवडा! हां! अस्सं! बघ, येतंय की नाही?" मी त्या चपला उचलल्या आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पुढच्या वळणावरून परत फिरायचं असतं हे त्या दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.